'इश्यू' या शब्दाचा अर्थ कसा लावायचा

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत मी वहीच्या कडेला रेघा मारत बसले होते. सव्वा तासात 'इश्यू' हा शब्द एकतीस वेळा आला. पाण्याचा इश्यू, पार्किंगचा इश्यू, 'बी' विंगच्या लिफ्टचा इश्यू. थकबाकीवाल्यांना नोटीस इश्यू करायची आहे. तीन जणांची शेअर सर्टिफिकेटं अजून इश्यू झालेली नाहीत. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "तुम्ही उगाच इश्यू करताय." आणि शेवटी सेक्रेटरी उठले, "कुणाला काही इश्यू नसेल तर थांबूया."

सभेचं इतिवृत्त मराठीत लिहायचं काम दरवेळी माझ्याकडे येतं. गेली बावीस वर्षं मी इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं करते. दस्त, मृत्युपत्रं, शाळांची परिपत्रकं, दवाखान्यांची संमतिपत्रं. त्या रात्री कोथरूडच्या घरी बसून मी ते एकतीस 'इश्यू' मराठीत उतरवले, तेव्हा नऊ वेगवेगळे शब्द लागले. 'समस्या' हा त्यातला एकही नव्हता. कसे लागले ते इथे सांगते, कारण माझ्याकडे शिकायला येणारी मुलं नेमकी इथेच अडतात. शब्द सोपा वाटतो, रोज तोंडात असतो, म्हणून कोश उघडावासा वाटत नाही. उघडला तर पहिला अर्थ उचलून पुढे जातात.

पहिलं काम म्हणजे शब्द एकटा पाहायचा नाही. ज्या वाक्यात तो आला ते अख्खं वाक्य कागदावर उतरवून घ्यायचं, हातानं. मग त्या शब्दाखाली रेघ मारून एवढंच बघायचं की इथे तो नाम आहे की क्रियापद. 'इश्यू'च्या बाबतीत एवढ्यानंच अर्धं काम होतं. क्रियापद असेल तर कुणीतरी काहीतरी देतंय, काढतंय किंवा कुठून तरी काही बाहेर पडतंय. नाम असेल तर मात्र चार-पाच वाटा फुटतात आणि तिथे थांबावं लागतं.

दुसरं काम, शब्दाचं मूळ शोधायचं. ही पंडिती हौस नव्हे, याचा रोजच्या कामात उपयोग होतो. 'इश्यू' इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, आणि तिथे तो आला लॅटिनमधल्या 'बाहेर जाणे' या अर्थाच्या क्रियापदावरून. आपल्या सिनेमाघरांच्या दारावर लाल दिव्यात 'एक्झिट' लिहिलेलं असतं, तो शब्दही त्याच मुळाचा. म्हणजे 'इश्यू'च्या पोटातली कल्पना एकच: आतून बाहेर येणं. मासिकाचा अंक छापखान्यातून बाहेर येतो, आदेश कार्यालयातून बाहेर पडतो, पाणी झऱ्यातून बाहेर येतं, मूल पोटातून जन्माला येतं, कंपनीचे शेअर बाजारात येतात, आणि चर्चेतून मुद्दा वर येतो. दिसायला अर्थ एकमेकांपासून लांबचे, पण सगळे एकाच दारातून बाहेर पडलेले.

हे कळलं की मराठीत काय शोधायचं तेही कळतं. आपल्याकडे हेच काम करणारं क्रियापद आहे, आणि ते अगदी घरातलं आहे: निघणे. अंक निघाला. जीआर निघाला. वॉरंट निघालं. खडकातून पाणी निघालं. शेअर निघाले. बोलता बोलता विषय निघाला. चौकशीतून काय निघालं? हे मी पहिल्यांदा वहीत एकाखाली एक लिहिलं तेव्हा बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले होते. दोन भाषांचा एकमेकींशी संबंध यायच्या कितीतरी आधी दोघींनी एकाच हालचालीतून इतके अर्थ काढले होते. तेव्हापासून मी शिकवताना सांगते: 'इश्यू'ला आधी 'निघणे' लावून बघा, जमलं नाही तर 'काढणे', आणि तेही जमलं नाही तर 'देणे'. नामाकडे त्यानंतर वळा.

'काढणे' वापरताना मात्र एक सावधगिरी हवी. सरकारनं आदेश काढला, संपादकांनी अंक काढला, इथे काढणारा तोच जो इंग्रजीत इश्यू करणारा. पण "मी पासपोर्ट काढला" म्हणते तेव्हा काढणारी मी, आणि इश्यू करणारं पासपोर्ट कार्यालय. उत्पन्नाचा दाखला मी काढते, तहसीलदार तो देतात. त्यामुळे अर्जावर 'डेट ऑफ इश्यू' असेल तर तिथे 'काढल्याची तारीख' लिहिलं की वाचणारा गोंधळतो: मी अर्ज केला ती तारीख की कागद हातात पडला ती? 'दिल्याचा दिनांक' लिहा. 'इश्यूइंग ऑथॉरिटी' म्हणजे 'देणारा अधिकारी'. 'जारी केल्याचा दिनांक' चुकीचं नाही, परिपत्रकांत रुळलंही आहे. पण दाखला जारी होत नाही हो, दाखला मिळतो. 'जारी' मी आदेश, अधिसूचना, इशारा यांच्यासाठी राखून ठेवते.

नोटिशीच्या बाबतीत तर याहून जपावं लागतं. नोटीस इश्यू करणं म्हणजे नोटीस काढणं किंवा पाठवणं. नोटीस बजावणं वेगळं: ती समोरच्याच्या हातात पोचणं, इंग्रजीत 'सर्व्ह' करणं. मराठीत लिहिताना सर्रास दोन्हीला 'बजावली' म्हटलं जातं आणि त्यात तारखा घसरतात. चेक न वटल्याचं प्रकरण घ्या. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (इंग्रजीत 'निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट') कलम १३८ नुसार पैसे देण्याची १५ दिवसांची मुदत नोटीस मिळाल्यापासून मोजतात, ती लिहिली किंवा पोस्टात टाकली त्या दिवसापासून नव्हे. म्हणून 'इश्यूड ऑन' आणि 'सर्व्ह्ड ऑन' यांना दोन वेगळी क्रियापदं हवीतच. आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तातही मी 'नोटीस पाठवावी असे ठरले' लिहिलं, 'बजावावी' लिहिलं नाही.

आता नामाच्या वाटा. यातली एक वाट जरा निवांत सांगते, कारण तिथे एका घराचा वाटा पणाला लागला होता.

साधारण सत्तरीचे एक गृहस्थ पिशवीत कागद घेऊन आले. त्यांच्या आत्याला वडिलांकडून कसबा पेठेतल्या वाड्यात हिस्सा मिळाला होता. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. आता वाडा पुनर्विकासाला जायचा, म्हणून कागदपत्रं जमवणं चाललं होतं. एका जुन्या इंग्रजी कागदात आत्याबद्दल एकच ओळ होती, आणि ती ओळ 'डाइड विदाउट इश्यू' या शब्दांनी संपत होती. त्यांनी आधी एके ठिकाणी करून घेतलेलं मराठी भाषांतर माझ्यापुढे ठेवलं. त्यात लिहिलं होतं, "कोणत्याही समस्येविना निधन झाले." काकांना इंग्रजी बरं येत होतं, पण हा अर्थ त्यांनाही माहीत नव्हता. ते म्हणाले, "ताई, आत्या तर दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. समस्येविना कसं?"

इथे 'इश्यू' म्हणजे संतती. 'विदाउट इश्यू' म्हणजे मागे मूलबाळ न ठेवता. ओळखायची खूण व्याकरणात आहे: या अर्थी 'इश्यू'च्या मागे 'अ‍ॅन' लागत नाही आणि पुढे अनेकवचनाचा 'स' येत नाही. 'विदाउट अ‍ॅन इश्यू' किंवा 'विदाउट एनी इश्यूज' असतं तर अडचणीचा अर्थ निघाला असता. मागेपुढे काही न लावता नुसतं 'विदाउट इश्यू' दिसलं, आणि कागद वारसाचा, मृत्युपत्राचा किंवा वंशावळीचा असला, तर दुसरा विचार करायचा नाही.

त्या एका ओळीवर काय अवलंबून होतं तेही सांगते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १५ मध्ये सोय आहे की स्त्रीला आईवडिलांकडून वारशानं मिळालेली मालमत्ता, तिला मुलगा-मुलगी किंवा आधी वारलेल्या मुलामुलींची मुलं नसतील तर, तिच्या वडिलांच्या वारसांकडे जाते. नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून वारशानं आलेली असेल तर नवऱ्याच्या वारसांकडे. म्हणजे आत्याचा वाड्यातला हिस्सा माहेरी परत येणार की नाही, हे ती 'विदाउट इश्यू' गेली यावर ठरणार. आणि भाषांतरात तिथे 'समस्येविना'!

आता मराठी शब्द कोणता घालायचा? पर्याय शोधणं आणि पर्याय निवडणं यात काय फरक आहे ते इथे दिसतं. माझ्या वहीत पाच शब्द होते: निपुत्रिक, निर्वंश, विनापत्य, निःसंतान, आणि साध्या बोलीतलं 'मूलबाळ नव्हतं'. 'निपुत्रिक' आधी डोळ्यासमोर येतो, कारण जुन्या कागदांत तो फार. पण त्यात 'पुत्र' आहे. मुलगी असलेल्या माणसालाही पूर्वी निपुत्रिक म्हणत. वारसाच्या कागदात हा शब्द लिहिला की "मुलगी होती का?" हा प्रश्न उघडा राहतो. 'निर्वंश' शिवीसारखा लागतो, आपल्याकडे तो शापात वापरतात. मेलेल्या बाईबद्दल मी तो लिहिणार नाही. 'विनापत्य' चालला असता, पण 'अपत्य' म्हटलं की लोक फक्त मुलगा-मुलगी धरतात, आणि कायद्याच्या इंग्रजीत 'इश्यू'मध्ये नातवंडं-पतवंडंही येतात. 'संतती' तेवढा पसरट आहे. म्हणून 'निःसंतान मयत'. शिवाय मी काकांना सुचवलं की वकिलांना विचारून प्रतिज्ञापत्रात एक वाक्य वेगळं घाला: "तिला मुलगा, मुलगी अथवा त्यांची मुले नव्हती." शब्द कितीही नेमका असला तरी जिथे हक्क ठरतो तिथे तो सोडवून लिहिलेला बरा.

या सगळ्याला दीड तास लागला. दोन शब्दांसाठी दीड तास, आणि मला तो जास्त वाटत नाही.

बाकीच्या वाटा सोप्या आहेत. नियतकालिकाचा 'इश्यू' म्हणजे अंक. 'व्हॉल्यूम' आणि 'इश्यू' असे दोन आकडे असतील तर मराठीत 'वर्ष' आणि 'अंक' लिहायची पद्धत आहे. 'बॅक इश्यू' म्हणजे जुना अंक. इंग्रजी पर्यायकोशात या अर्थापुढे 'एडिशन', 'कॉपी', 'नंबर' हे शब्द एका ओळीत दिसतात, पण मराठीत ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात, जाऊन बोलायची कल्पना करा. दिवाळी अंक मागता तो अंक. त्याच्या दोन घेता त्या दोन प्रती. तो संपला आणि पुन्हा छापला तर दुसरी आवृत्ती. आणि वर्तमानपत्राची 'पुणे एडिशन' म्हणजे पुणे आवृत्ती. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ ला पुण्यात निघाला, असं आपण म्हणतो. 'पहिली आवृत्ती निघाली' म्हटलं तर ते पुस्तक होईल.

वाचनालयातला 'इश्यू' मला फार आवडतो, कारण तिथे मराठीनं इंग्रजीच्या पुढे एक पाऊल टाकलंय. ग्रंथपाल पुस्तक इश्यू करतात, म्हणजे देतात, इतकं कोश सांगेल. पण पुण्यात लहानपणापासून आम्ही काय म्हणत आलो? "पुस्तक बदलायला जाते." जुनं परत देणं आणि नवं घेणं, दोन्ही एका शब्दात. लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं आहे. अशा वाचनालयांत पिढ्यान् पिढ्या जाणाऱ्या लोकांनी घडवलेला हा शब्दप्रयोग कोणत्याही इंग्रजी-मराठी कोशात 'इश्यू'पुढे मिळायचा नाही. असे शब्द कानानं गोळा करावे लागतात.

शेअरबाजारातल्या 'इश्यू'ला आपल्या वर्तमानपत्रांनी चांगले शब्द दिलेत: भागविक्री, आणि 'राइट्स इश्यू'ला, म्हणजे कंपनीनं आधीच्या भागधारकांना देऊ केलेल्या नव्या शेअरना, हक्कभाग विक्री. तेच वापरा. कोर्टातले 'इश्यूज' म्हणजे दाव्यात नेमकं काय ठरवायचं ते प्रश्न. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १४ मध्ये ते येतं, आणि शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात पक्षकार एकमेकांना सांगतात, "मुद्दे निघालेत, आता पुरावा." बघा, तिथेही 'निघाले'च.

राहिला रोजच्या बोलण्यातला 'इश्यू', जो सभेत सगळ्यांत जास्त आला. याच्यासाठी 'समस्या' हा एकच शब्द धरून ठेवल्यामुळे आपलं मराठी फार सपाट झालंय, असं मला मनापासून वाटतं. संस्कृत काव्यात समस्या म्हणजे पुरा करायला दिलेला श्लोकाचा तुकडा. समस्यापूर्ती हा शब्द त्यातूनच आला. सुंदर शब्द आहे, पण नळाला पाणी न येणं ही समस्या कशाला? तो पाण्याचा प्रश्न. लिफ्ट मध्येच अडकते ती लिफ्टची तक्रार, आणि मेकॅनिकशी बोलताना बिघाड. पार्किंगवरून दोन घरांत जुंपली असेल तर वाद. "हेल्थ इश्यू आहे" याला आपल्याकडे "तब्येतीची तक्रार आहे" म्हणतात, आणि पोटाच्या तक्रारी तर अनेकवचनातच असतात. "घरी काही इश्यूज आहेत" म्हणजे घरी अडचण आहे, किंवा कटकट चालू आहे. यातलं कोणतं, ते सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवायचं. माझी भाची हिंजवडीला नोकरी करते, तिच्याकडे दिवसभर इश्यू नोंदवतात आणि सोडवतात. तिला मी विचारलं की त्यात काय काय असतं, तर ती म्हणाली, "मावशी, काही चुका असतात, काही नुसत्या मागण्या असतात." म्हणजे तिथेही एक शब्द पुरायचा नाही.

आणि "काही इश्यू नाही" याला तर किती नेमका शब्द आहे: हरकत. "काही हरकत नाही." सेक्रेटरींचं शेवटचं वाक्य मी असं लिहिलं: "कोणाचीही हरकत नसल्याने सभा संपल्याचे जाहीर करण्यात आले." वरच्या मजल्यावरच्या काकांचं "उगाच इश्यू करताय" इतिवृत्तात घेतलं नाही, पण घ्यायचं असतं तर "उगाच बाऊ करताय" लिहिलं असतं. 'टेक इश्यू विथ' हा वाक्प्रचार वेगळा: त्याचा अर्थ आक्षेप घेणं, मत न पटल्याचं सांगणं. 'अ‍ॅट इश्यू' म्हणजे ज्यावरून वाद आहे ते.

शब्द निवडून झाला की दोन तपासण्या करायच्या. पहिली इंग्रजीतल्या इंग्रजीत: मूळ वाक्यात 'इश्यू'च्या जागी दुसरा इंग्रजी शब्द घालून वाक्य वाचायचं. 'प्रॉब्लेम' घातला तर अर्थ टिकतो का? 'ऑफस्प्रिंग' घातला तर? 'पब्लिश' घातला तर? 'डाइड विदाउट प्रॉब्लेम' असं कुणी एकदा मोठ्यानं म्हटलं असतं तर काकांच्या कागदातली चूक तिथेच कळली असती. पर्यायकोशाचा खरा उपयोग हा आहे. त्यातले शब्द उचलून लिहायचे नसतात, वाक्याला लावून बघायचे असतात.

दुसरी तपासणी उलट बाजूनं. निवडलेला मराठी शब्द मराठी-इंग्रजी कोशात काढायचा आणि तिथल्या इंग्रजीत आपला अर्थ सापडतो का बघायचं. त्यासाठी मोल्सवर्थचा कोश आजही माझ्या हाताशी असतो. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. बोलीतले शब्द त्यात जितके मिळतात तितके पुढच्या कोशांत क्वचित मिळतात. मराठी-मराठीसाठी पुण्यातच सिद्ध झालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. त्याचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. त्यात 'निघणे' आणि 'काढणे' एकदा सावकाश वाचाच. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य बघता येतात. सरकारी आणि न्यायालयीन शब्दांसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोशही ऑनलाइन आहेत. कोशातला शब्द जर कोणाच्याही तोंडी नसेल, तर तो कार्यालयीन कागदातच ठेवा, बोलण्यात आणू नका.

वही कशी ठेवायची ते सांगून थांबते. दोनशे पानी साधी वही. एका शब्दाला समोरासमोरची दोन पानं. डावीकडे भेटलेली वाक्यं, तारखेसकट, कुठल्या कागदात भेटलं त्याच्यासकट, फक्त माणसांची नावं गाळून. उजवीकडे त्या-त्या वाक्यासाठी वापरलेला मराठी शब्द, आणि त्याखाली बारीक अक्षरात नाकारलेले शब्द व नाकारण्याचं कारण. नाकारलेले शब्द खोडू नका. निपुत्रिक मी तिथे लिहून ठेवला होता म्हणूनच दोन वर्षांनी दुसऱ्या एका मृत्युपत्रात, जिथे इंग्रजीत स्पष्ट 'विदाउट मेल इश्यू' होतं, तिथे तो सरळ उचलता आला. वही पेन्सिलीनं लिहा. माझ्या 'इश्यू'च्या पानावर सध्या सतरा वाक्यं आहेत, आणि सोसायटीच्या सभेतली अजून उतरवायची आहेत.